नेपाळातली फागु पूर्णिमा: मित्रमंडळींसह रंग खेळायला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रातून काठमांडूला होळी खेळायला निघालेल्या गटाची पहिली चूक बहुधा तिथीची असते. आपल्याकडे फाल्गुन पौर्णिमेच्या संध्याकाळी होळी पेटते, दुसऱ्या दिवशी धुळवड होते आणि जुन्या रिवाजाप्रमाणे रंग पाचव्या दिवशी, रंगपंचमीला खेळला जातो. शहरांमध्ये आता धुळवडीलाच रंग खेळतात, त्यामुळे पौर्णिमेच्या रात्री प्रवास करून धुळवडीच्या सकाळी पोहोचावे, असा हिशेब आपण सहज करतो. आमच्या सहा जणांच्या गटाने पहिल्या खेपेस नेमके तेच केले. आम्ही उतरलो तेव्हा रस्त्यांवर फुटलेल्या फुग्यांचे तुकडे पडलेले होते, भिंतींवर गुलालाचे डाग होते आणि लोक नेहमीप्रमाणे कामाला निघाले होते. काठमांडू, पोखरा आणि एकूणच डोंगरी नेपाळात रंग पौर्णिमेच्या दिवशी, म्हणजे आपली होळी पेटण्याच्या काही तास आधी खेळला जातो. भारताच्या सीमेलगतच्या सपाट तराई प्रदेशात मात्र तो दुसऱ्या दिवशी, आपल्या धुळवडीबरोबरच असतो.

हा फरक एकदा नीट समजला की त्यातूनच प्रवासाचा सुंदर बेत आखता येतो: पौर्णिमेला काठमांडू आणि दुसऱ्या दिवशी तराईतील जनकपूर. एकाच प्रवासात दोन वेगळ्या होळ्या पाहता येतात, आणि रंगपंचमीच्या आत घरीही परतता येते. पुढील सर्व मार्गदर्शन याच बेतावर आधारलेले आहे. आपण तिथे पाहुणे आहोत, ही एकच गोष्ट मात्र मी प्रत्येक पायरीवर पुन्हा पुन्हा आठवून देणार आहे, कारण तिकिटापासून रंगाच्या चिमटीपर्यंतचे बहुतेक निर्णय तिच्यावर अवलंबून असतात.

तारीख ठरवणे

तारीख ठरवताना आपले पंचांग आणि नेपाळचे सरकारी सुट्ट्यांचे पत्रक अशी दोन्ही समोर ठेवावीत. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये डोंगरी नेपाळात होळी १३ मार्चला झाली आणि तराईत १४ मार्चला; २०२४ मध्ये त्या तारखा २४ आणि २५ मार्च होत्या. नेपाळात रोजच्या व्यवहारात विक्रम संवताचे सौर महिने चालतात, म्हणून तिथला फागुन महिना आणि आपला चांद्र फाल्गुन नेहमी जुळत नाहीत. २०२४ ची फागु पूर्णिमा तिथल्या दिनदर्शिकेत चैत ११ रोजी आली होती. एखाद्या नेपाळी मित्राने ‘होळी चैतमध्ये आहे’ असे कळवले तर त्याची चूक झाली असे समजू नये. इंग्रजी तारीख विचारून खात्री करून घ्यावी आणि मगच तिकिटे काढावीत.

पौर्णिमेच्या किमान दोन दिवस आधी काठमांडूत पोहोचावे, असे माझे ठाम मत आहे. मार्चमध्ये काठमांडूच्या खोऱ्यात धूर आणि धूळ साचते, आसपासच्या जंगलांतील वणव्यांमुळे दृश्यमानता कमी होते आणि विमाने उशिरा सुटतात. सणाच्या दिवशीही दुपारपर्यंत टॅक्सी मिळणे कठीण होते. शिवाय दोन दिवस हाताशी असले की सण सुरू होण्याआधीची चाहूल अनुभवता येते, आणि माझ्या दृष्टीने या प्रवासातला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

कागदपत्रे आणि पैसे

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना मुदतीत असलेला पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड केवळ १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील प्रवाशांसाठी ग्राह्य धरले जाते. गटातला एखादा मित्र केवळ आधार घेऊन विमानतळावर आला आणि परत पाठवला गेला, असे घडू नये म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीच सर्वांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे एकाने मागवून तपासावीत. गटात अन्य देशांचे नागरिक असतील तर त्यांच्या व्हिसाची चौकशी वेगळी करावी लागेल.

भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० रुपये होतात. हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे हिशेब सोपा जातो. भारतीय १०० रुपयांपर्यंतच्या नोटा तिथे सर्रास चालतात. त्याहून मोठ्या नोटांबाबतचे नियम मात्र गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत, म्हणून त्या नेण्याआधी निघतेवेळचा नियम पाहावा. २०२४ पासून भारतीय यूपीआयने नेपाळातील फोनपे जाळ्याच्या क्यूआर कोडवर पैसे देता येतात. हे फोनपे म्हणजे आपल्याकडचे त्याच उच्चाराचे अ‍ॅप नव्हे, हे ध्यानात ठेवावे. असे असले तरी सणाच्या दिवशी ओल्या हातांनी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेल्या मोबाइलने पैसे देणे जमत नाही. प्रत्येकाने सुट्ट्या नेपाळी नोटा वेगळ्या बंद पिशवीत ठेवाव्यात. गटाची वर्गणी एकत्र काढून एकालाच खजिनदार नेमले, तर उत्तम.

आणखी एक बारकी गोष्ट म्हणजे नेपाळचे घड्याळ भारतापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. सर्वांनी मोबाइलची वेळ उतरल्याबरोबर तपासावी, कारण देशांतर्गत विमानाच्या वेळी तेवढा फरकही महागात पडतो.

मुक्काम कुठे करावा

बहुतेक प्रवासी ठमेल भागात उतरतात. तिथून वसंतपूरचा दरबार चौक पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे आणि सणाच्या दिवशी हे पायी अंतर फार उपयोगी पडते. मात्र ठमेलमध्ये मोठा आवाज, मद्य आणि गर्दी असते, म्हणून शांत जागा हवी असल्यास काठमांडूला लागूनच असलेल्या पाटण शहराच्या जुन्या गल्ल्यांमधील एखादे घरगुती निवासस्थान अधिक चांगले. आम्ही दुसऱ्या खेपेपासून स्वयंपाकघर असलेली जागा घेऊ लागलो. त्याचे कारण पुढे येईलच.

खोली ठरवताना मालकाला तीन गोष्टी आधीच विचाराव्यात: रंग खेळून आलेल्या लोकांना आत यायला कोणता दरवाजा किंवा अंगण आहे, अंगावर पाणी घेण्याची बाहेर सोय आहे का, आणि गरम पाणी सौर बंबाचे आहे की गॅसचे. काठमांडूत पाण्याची टंचाई नेहमीची आहे आणि अनेक ठिकाणी टँकरचे पाणी वापरले जाते. सहा जणांनी प्रत्येकी चार बादल्या पाणी वापरणे हे यजमानाला परवडणारे नसते. टॉवेल आणि चादरींवर डाग पडले तर त्याचे पैसे किती, हेही आधीच बोलून घ्यावे. आपले जुने टॉवेल सोबत नेणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

चीर पाहून घेणे

फाल्गुन शुद्ध अष्टमीला वसंतपूरच्या दरबार चौकात, कुमारीच्या, म्हणजे जिवंत देवी मानल्या जाणाऱ्या मुलीच्या, घराजवळ, एक उंच बांबू उभा केला जातो आणि त्याला छत्रीसारख्या तीन थरांत रंगीबेरंगी कापडाच्या चिंध्या बांधल्या जातात. यालाच ‘चीर’ म्हणतात. आपल्याला हा शब्द द्रौपदीच्या चीरहरणामुळे परिचित आहे. इथे मात्र त्याचा संबंध कृष्णाने गोपींची वस्त्रे झाडावर टांगली त्या कथेशी जोडला जातो. चीर उभी राहिली की काठमांडूत होळी सुरू झाली असे मानतात, आणि पौर्णिमेला ती उतरवून टुंडीखेलच्या मैदानात नेऊन जाळतात. तिची चिंधी जवळ बाळगली तर वाईट शक्तींपासून रक्षण होते अशी श्रद्धा असल्यामुळे ती मिळवण्यासाठी लोक पुढे येतात.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी, गर्दी नसताना, तिथे अर्धा तास शांतपणे घालवावा. चौकातली अनेक मंदिरे २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात पडली होती आणि त्यांची उभारणी नंतर अनेक वर्षे चालली. ज्या लाकडी खिडक्या आणि खांब कारागिरांनी पुन्हा घडवून बसवले, त्यांच्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या हातून रंग उडू नये, ही जाणीव तो चौक आधी डोळे भरून पाहिला तरच मनात उतरते. चौकात परदेशी प्रवाशांकडून प्रवेश शुल्क घेतले जाते आणि भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना ते कमी असते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवावे.

रंग, पिचकारी आणि तेल

रंग भारतातून नेण्याची गरज नाही. असन आणि इंद्रचोक या जुन्या बाजारांत सणाच्या आधी अबिराच्या राशी लागतात. आपण ज्याला गुलाल म्हणतो त्याला तिथे सहसा अबिरच म्हणतात. घेताना चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहावी. खरखरीत किंवा चमचमणारी पूड, तसेच पाण्यात न विरघळता तेलात विरघळणारा गडद रंग घेऊ नये. आम्ही सहा जणांसाठी दीड किलो अबीर घेतला होता आणि तो पुरून उरला, कारण तिथे समोरचा माणूसही आपल्याला रंग लावतच असतो.

पाण्याने भरलेल्या फुग्यांना नेपाळात ‘लोला’ म्हणतात. ते विकत घेऊ नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. छतावरून मारलेला लोला डोळ्यावर बसला तर गंभीर इजा होते. अनोळखी आणि इच्छा नसलेल्या माणसावर लोला किंवा रंग टाकू नये, अशी सूचना काठमांडूचे पोलीस दर वर्षी सणाआधी देतात आणि तक्रार आल्यास ताब्यातही घेतात. पाण्याचीच हौस असेल तर छोटी पिचकारी पुरे होते, आणि तीही आपापसांतच वापरावी.

कोरडी पूड हवेत उधळताना जवळ ज्योत, सिगारेट किंवा तापलेले दिवे नाहीत ना, हे पाहणे अत्यावश्यक आहे. मक्याच्या स्टार्चपासून केलेली बारीक रंगीत पूड हवेत दाट पसरली की क्षणात पेट घेऊ शकते. तैवानमध्ये २७ जून २०१५ रोजी एका जल-उद्यानातील रंगाच्या कार्यक्रमात असेच घडले, १५ जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण भाजले. बंद खोलीत किंवा गच्चीवरील स्वयंपाकाच्या शेगडीजवळ रंग उधळणे म्हणूनच कटाक्षाने टाळावे.

आता अंगाला लावायच्या तेलाविषयी. मुंबईहून नेलेले खोबरेल तेल काठमांडूच्या मार्चमधल्या सकाळी बाटलीत गोठलेले सापडते, कारण ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होते आणि समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंचीवरच्या या शहरात पहाटे चांगलाच गारवा असतो. रुंद तोंडाची डबी न्यावी, किंवा तिथलेच मोहरीचे तेल, ज्याला नेपाळीत ‘तोरीको तेल’ म्हणतात, ते घ्यावे. केसांच्या मुळांना, कानांच्या मागे, नखांभोवती आणि ओठांवर ते भरपूर लावावे. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी घालू नयेत. जुना चष्मा बरा.

कपड्यांबाबत मुंबई-पुण्याची सवय तिथे चालत नाही. ऊन चांगले असले तरी गल्ल्यांत सावली असते आणि ओला सुती कपडा अंगावर राहिला की तासाभरात हुडहुडी भरते. वर पांढरा सदरा आणि आत लवकर वाळणारा, अंगाला चिकटून बसणारा कपडा घालावा, आणि एक कोरडा जोड बंद पिशवीत पाठीवर ठेवावा. दरबार चौकातली दगड-विटांची फरसबंदी ओली झाल्यावर फार निसरडी होते, म्हणून चपलांऐवजी पकड असलेले जुने बूट घालावेत.

विचारून रंग लावणे

पौर्णिमेची सकाळ उजाडली की सर्वांनी पोटभर न्याहारी करून साधारण नऊच्या सुमारास बाहेर पडावे. या वेळी गल्ल्यांमध्ये घरोघरची मुले, शेजारी आणि म्हातारी माणसे रंग खेळत असतात. साडेअकरा-बारानंतर वसंतपूर आणि ठमेलमध्ये तरुणांचे मोठे घोळके, ध्वनिवर्धक आणि मद्य घेतलेली माणसे यांची गर्दी होते. मला सकाळची होळी अधिक प्रिय आहे, आणि गटात स्त्रिया किंवा ज्येष्ठ असतील तर बारापर्यंत चौकातून बाहेर पडावे असे मी आग्रहाने सांगेन. गर्दीचा फायदा घेऊन अंगाला हात लावण्याचे प्रकार तिथेही घडतात, जसे ते आपल्याकडे घडतात.

रंग लावण्याआधी विचारावे. यासाठी नेपाळीतले एक वाक्य पाठ करावे: “रङ लगाउन मिल्छ?” म्हणजे रंग लावला तर चालेल का? उत्तर “मिल्छ” असे आले तर कपाळावर आणि गालांवर चिमूटभर अबीर लावावा आणि आपला गाल पुढे करावा. “मिल्दैन” किंवा “भयो” असे आले तर नमस्कार करून पुढे जावे. आपल्यालाच आता पुरे झाले असे सांगायचे असेल तर “पुग्यो” म्हणावे. मोठ्या माणसांना ‘दाइ’ किंवा ‘दिदी’ आणि लहानांना ‘भाइ’ किंवा ‘बहिनी’ म्हणून हाक मारली की अनोळखीपणा लगेच कमी होतो. वयस्कर माणसांच्या फक्त कपाळाला टिळ्यासारखा रंग लावावा. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने पाटणमधल्या एका आजींना असा टिळा लावून वाकून नमस्कार केला, तेव्हा त्यांनी तिला घरात बोलावून चिउरा आणि भाजलेले काळे सोयाबीन खायला दिले. चिउरा म्हणजे आपले पोहेच, पण ते तिथे न भिजवता कोरडेच वाढतात.

काम करत असलेले पोलीस, दुकानदार, वाहनचालक, तसेच भिक्षू आणि परदेशी यात्रेकरू यांच्यावर रंग टाकू नये. स्वयंभू आणि बौद्धनाथ या स्तूपांच्या परिसरात तसेच पशुपतिनाथाच्या आवारात रंगाच्या पिशव्या घेऊन जाऊ नये. पशुपतिनाथाचे दर्शन आदल्या दिवशी स्वच्छ अंगाने घ्यावे. तिथे मुख्य मंदिरात केवळ हिंदूंनाच प्रवेश असतो आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात, याची कल्पना गटातील अन्य धर्मीय मित्रांना आधी द्यावी, म्हणजे दारात त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांना आणि गाईंना रंग लावू नये.

गटाने दोघा-दोघांच्या जोड्या करून राहावे आणि मोबाइलवर विसंबून न राहता भेटण्याची एक जागा आणि वेळ आधीच ठरवावी. पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे क्रमांक प्रत्येकाच्या खिशातल्या कागदावर असावेत. निवासस्थानाचा पत्ता नेपाळीत लिहून घ्यावा. टॅक्सीत बसण्याआधी आसनावर आपली जुनी चादर अंथरावी. ती दाखवली की नकार देणारा चालकही बहुधा तयार होतो.

कोणी भांग मिसळलेली थंडाई किंवा मिठाई देऊ केल्यास नम्रपणे नाकारावी. नेपाळच्या कायद्याने गांजा आणि तत्सम पदार्थांवर बंदी आहे आणि परक्या देशात पोलीस ठाण्याची पायरी चढण्याइतके त्यात काही नाही. मद्य घेतलेल्या कोणीही भाड्याची दुचाकी चालवू नये. मादक पदार्थ सेवनाच्या तपासणीला तिथे ‘मापसे’ म्हणतात आणि ती सणाच्या दिवशी जागोजागी असते.

रंग उतरवणे

आधी अंगणात उभे राहून कोरडी पूड कपड्यांवरून आणि केसांतून झटकावी आणि मऊ ब्रशने काढावी. मग साध्या पाण्याने धुवावे आणि शेवटी बेसन-दही किंवा साबण लावावा. थेट गरम पाणी आणि साबण वापरला तर रंग त्वचेत अधिक बसतो. सौर बंबाचे पाणी दुपारी दोनच्या सुमारास सर्वांत गरम असते आणि संध्याकाळपर्यंत संपते, म्हणून परतल्याबरोबर आंघोळी उरकाव्यात. डोळ्यांत पूड गेल्यास न चोळता बाटलीबंद पाण्याने बराच वेळ धुवावे आणि झोंबणे थांबले नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

परक्या स्वयंपाकघरात पुरणपोळी

होळीच्या दिवशी पुरणाचा नैवेद्य झाला नाही तर मराठी माणसाला सण अपुरा वाटतो, आणि स्वयंपाकघर असलेली जागा घेण्याचे कारणही तेच. हरभऱ्याची डाळ तिथे ‘चनाको दाल’ म्हणून मिळते आणि गुळाला ‘सखर’ किंवा ‘भेली’ म्हणतात. वेलची मागताना जपावे: ‘अलैंची’ म्हटले की दुकानदार मोठी काळी वेलची देतो, जिचे नेपाळात मोठे उत्पादन होते, आपली हिरवी वेलची हवी असेल तर ‘सुकुमेल’ म्हणावे. जायफळ मात्र ‘जाइफल’च आहे. पुरणयंत्र नेण्याऐवजी पिठाची बारीक स्टीलची चाळणी न्यावी आणि डाळ गरम असतानाच तिच्यातून वाटीने दाबून काढावी.

अर्धा किलो डाळ आणि अर्धा किलो गूळ यांत साधारण अठरा-वीस पोळ्या होतात. काठमांडूच्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, त्यामुळे डाळ घरच्यापेक्षा उशिरा शिजते. कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्याव्यात आणि डाळ बोटांनी दाबून पाहिल्याशिवाय गूळ घालू नये, कारण गूळ पडल्यावर कच्ची डाळ मऊ होत नाही. पुरण आदल्या संध्याकाळी करून ठेवले तर सणाच्या दुपारी फक्त पोळ्या लाटायच्या राहतात. कटाच्या आमटीचा मसाला घरूनच न्यावा. पहिली पोळी देवापुढे ठेवावी आणि दुसरी यजमानांच्या घरी द्यावी. आमच्या यजमानीणबाईंनी ती दुधात कुस्करून खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुरणाची कृती लिहून मागितली. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची, सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायातली काही मराठी कुटुंबे नेपाळातही स्थायिक आहेत. ओळखीतून त्यांच्यापैकी कोणाचा पत्ता मिळाला तर एक डबा तिकडेही न्यावा.

बाहेर जेवताना शाकाहारी मित्रांनी प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. मोमोंमध्ये ‘बफ’ म्हणजे म्हशीचे मांस सर्रास असते.

दुसरी होळी: जनकपूर

गटातील सर्वांची प्रकृती धडधाकट असेल तरच हा भाग करावा. पहिल्यांदा जाणाऱ्या किंवा वडीलधाऱ्यांसोबतच्या गटाने काठमांडूतच थांबणे मला योग्य वाटते. काठमांडूहून जनकपूरला विमान साधारण अर्ध्या तासात पोहोचते, तर रस्त्याने घाटातून सहा-आठ तास सहज जातात. पौर्णिमेला दुपारी तीननंतरचे विमान घेतले तर सकाळचे रंग, आंघोळ आणि जेवण नीट होते. ते विमान रद्द झाल्यास दुसऱ्या सकाळच्या पहिल्या विमानात जागा मिळेल का, याची चौकशी तिकीट काढतानाच करावी.

जनकपूर हे सीतेचे माहेर मानले जाते. टीकमगडच्या राणी वृषभानू यांनी बांधवलेले तिथले जानकी मंदिर १९११ च्या सुमारास पूर्ण झाले. नऊ लाख खर्चामुळे त्याला नौलखा मंदिरही म्हणतात. फाल्गुन पौर्णिमेआधीच्या अमावास्येपासून, म्हणजे आपल्या पंचांगातल्या माघ अमावास्येपासून, पंधरा दिवस चालणारी मिथिलेची मध्यमा परिक्रमा पौर्णिमेला इथेच संपते. ती नेपाळ आणि भारत या दोन्ही देशांतल्या स्थळांवरून जाते, त्यामुळे शहर यात्रेकरूंनी भरलेले असते आणि खोली महिना-दीड महिना आधी धरावी लागते. रात्री तराईत ठिकठिकाणी होळी पेटते. तिला तिथे ‘सम्मत’ म्हणतात, आणि काठमांडूच्या डोंगरी होळीत न भेटलेली, आपल्या गावच्या होळीसारखी पेटलेली होळी इथे पाहायला मिळते.

दुसऱ्या सकाळचा रंग काठमांडूपेक्षा ओला आणि आडदांड असतो. पाणी, चिखल, ढोलक आणि जोगिरा, म्हणजे होळीची थट्टेची गाणी, म्हणणाऱ्यांच्या टोळ्या गल्लीगल्लीतून फिरतात. हवाही उष्ण असते, म्हणून इथे आतला गरम कपडा नको. टोपी आणि पाणी हवे. मैथिली घरांत ‘पुआ’ हा तळलेला गोड पदार्थ वाढला जातो, तो आवर्जून खावा. इथे रंग विचारून लावण्याची रीत कमी दिसते, तरी आपण विचारायचे सोडू नये. ज्यांना हा जोर मानवणार नाही त्यांनी निवासस्थानाच्या छतावरून पाहावे, त्यात कमीपणा मानू नये.

परतण्यासाठी काठमांडूला पुन्हा जायची गरज नाही. जनकपूरहून भारतातल्या जयनगरला रेल्वे जाते. हा मार्ग रुंद करून २ एप्रिल २०२२ रोजी पुन्हा सुरू झाला आहे. प्रवासात ओळखपत्र तपासले जाते. जयनगरहून मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला पवन एक्स्प्रेस थेट येते, मात्र होळीला गावी आलेले कामगार त्याच सुमारास मुंबईला परतत असल्याने तिचे आरक्षण खुले होताच काढावे, नाही तर दरभंगा किंवा पाटण्याहून विमान धरावे. उरलेला अबीर तिथल्याच मुलांना देऊन टाकावा आणि रंगलेले कपडे वाळवून बंद पिशवीत भरावेत. पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी रंगपंचमी असते. गाडीने निघालेला गट तोवर घरी पोहोचलेला असतो, आणि पांढऱ्या सदऱ्यांचा तो जोड पुन्हा कामी येतो.